लकवा झालाय, पण रुग्णाला तो जाणवतच नाही: तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक घरच्यांकडून, दुसरे वॉर्डात काम करणाऱ्या फिजिओ, ओटी (रोजची कामं पुन्हा शिकवणारे थेरपिस्ट), स्पीच थेरपिस्ट आणि नर्सकडून. पहिले पाच प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. सहाव्यापासून प्रत्यक्ष तपासणी सुरू होते. कुणाचं तोंड आत्ता वाकडं झालं असेल किंवा हात लुळा पडला असेल, तर बाकी सगळं सोडून प्रश्न ३ वाचा.

१. बाबांचा डावा हात आणि पाय पूर्ण गेलाय, तरी ते म्हणतात, ‘मला काय धाड भरलीय?’ हे काय आहे?

याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. मेंदूच्या इजेमुळे शरीराचं एखादं काम बंद पडतं आणि ते बंद पडलंय ही जाणीवही त्याच इजेमुळे होत नाही. हे नाव जोसेफ बाबिन्स्की या न्यूरोलॉजिस्टने १९१४ साली पॅरिसमध्ये दिलं. त्याच्यासमोरचे रुग्ण डाव्या बाजूच्या लकव्याचे होते. बाकी बुद्धी शाबूत असू शकते, आणि घरच्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट हीच. बाबांना आजचा वार सांगता येतो, पेन्शन कोणत्या बँकेत जमा होते ते आठवतं, नातवाची परीक्षा कधी आहे तेही ठाऊक असतं. फक्त डाव्या हाताचा विषय निघाला की उत्तर चुकतं.

याचा एक सौम्य भाऊ आहे: अ‍ॅनोसोडायफोरिया. त्यात रुग्ण ‘हो, हात गेलाय’ असं कबूल करतो, पण शेजारच्याचा हात गेल्यासारखं. काळजी नाही, दुःख नाही. तपासताना या दोन्ही गोष्टींची नोंद वेगळी करावी लागते.

२. ते मुद्दाम नाकारतायत का? धक्का बसल्यामुळे मन मानत नसेल का?

धक्का बसून नाकारणंही असतं आणि कधी दोन्ही एकत्र असतात. पण वागण्यात फरक दिसतो. मनाने नाकारणारा माणूस विषय टाळतो, चिडतो, डोळ्यांत पाणी आणतो. आडून विचारलं, तर हाताचं काय झालंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अ‍ॅनोसोग्नोसियाचा रुग्ण बहुतेकदा शांत असतो. ‘डावा हात उचला’ म्हटलं की नाही म्हणत नाही. ‘हो, हा बघा’ म्हणतो आणि हात जागेवरच असतो.

शिवाय ही जाणीव हरवणं मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेत, म्हणजे डाव्या अंगाच्या लकव्यात, जास्त दिसतं. नुसता मनाचा मामला असता, तर उजवा हात गेलेल्यांनीही तितकंच नाकारलं असतं, कारण बहुतेकांचा कामाचा हात तोच. म्हणून ‘हट्टी आहेत’, ‘नाटक करतात’ हे शब्द केसपेपरवर तर नकोतच, घरातही नकोत.

३. आत्ताच तोंड वाकडं झालंय, पण तो म्हणतो, ‘काही नाही, झोपलो की बरं वाटेल.’ सकाळपर्यंत थांबू का?

नाही. ज्याला त्रास होतोय त्याचंच मत इथे भरवशाचं नसतं. हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक साधं वाक्य म्हणायला सांगा. चेहऱ्याची एक बाजू पडली, एक हात खाली आला किंवा बोलणं अडखळलं, तर महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात चला. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत साधारणपणे साडेचार तासांची असते, आणि ती रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून घ्या. दुखत नाही आणि जाणवतही नाही, अशा उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये घरात कुणी दुसरं नसेल तर तास हकनाक जातात.

४. हे डाव्या बाजूच्या लकव्यातच का होतं?

‘त्यातच’ नाही, ‘त्यात जास्त’. हात हलवायचा ठरवला की मेंदू दोन कामं करतो: हुकूम पाठवतो आणि हात खरोखर हलला का याची खबर घेतो. खबर आली नाही किंवा हुकमाशी ताडून बघणारी यंत्रणाच बिघडली, तर रुग्णाच्या लेखी हुकूम म्हणजेच हालचाल. वेगवेगळ्या अभ्यासांत उजव्या मेंदूचे वेगवेगळे भाग पुढे आले: हालचालीची आखणी करणारा प्रीमोटर भाग, इन्सुला हा आत दडलेला भाग, पुढच्या आणि पार्श्व खंडांना जोडणारे मार्ग. २०१९ साली १७४ रुग्णांच्या स्कॅनवर झालेल्या अभ्यासात एका जागेऐवजी तीन जाळी एकत्र तुटलेली दिसली: प्रीमोटर, भावनांशी संबंधित लिंबिक आणि लक्ष वेधणारं जाळं. सीटीवरचा डाग बघून अ‍ॅनोसोग्नोसिया आहे की नाही हे ठरवता येत नाही, ते यामुळेच.

उजव्या बाजूचा लकवा, म्हणजे डाव्या मेंदूचा स्ट्रोक, यातही हे होतं. पण तिथे अनेकदा वाचा जाते. बोलता न येणाऱ्यांना प्रश्नच विचारले जात नाहीत आणि ते मोजणीतून गळतात (प्रश्न १२).

५. एकीकडे ७ टक्के वाचलं, दुसरीकडे ७७ टक्के. खरं किती?

दोन्ही आकडे छापलेले आहेत. फरक तीन गोष्टींमुळे पडतो: स्ट्रोकनंतर कोणत्या दिवशी तपासलं, कोणते रुग्ण घेतले आणि रेघ कुठे ओढली. उजव्या मेंदूचा पहिलाच स्ट्रोक झालेल्या ५८ रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ३२ टक्के, आठवड्याने १८ टक्के आणि सहा महिन्यांनी ५ टक्के रुग्णांना लकव्याची जाणीव नव्हती. त्याआधी २००५ साली बायर आणि कार्नाथ या संशोधकांनी निकष कडक केला, तेव्हा हात-पाय अधू झालेल्या ताज्या रुग्णांत प्रमाण १० ते १८ टक्क्यांवर आलं. तो निकष प्रश्न ८ मध्ये आहे.

६. तपासणीआधी काय बघायचं?

पहिलं, रुग्ण पुरेसा जागा आहे का. वारांची नावं उलटी म्हणायला लावा: रविवार, शनिवार, शुक्रवार. दोन-तीनदा धागा सुटला, तर त्या दिवशीचा गुण भरवशाचा नाही. गुंगी, ताप, सोडियमची गडबड किंवा रात्री दिलेलं झोपेचं औषध यांपैकी काही आहे का ते बघा आणि दुसऱ्या दिवशी या.

दुसरं, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी. तिन्ही घरी राहिलेली असतात.

तिसरं, तुम्ही कुठे उभे आहात. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णाच्या डावीकडे उभं राहून बोललात, तर त्याने प्रश्न ऐकलाच नसेल. उजवीकडून, त्याच्या नजरेच्या टप्प्यात या. पलंगाची पाठ वर करा, मान आणि कंबरेला उशीचा आधार द्या.

चौथं, सलाईन. सुई बहुधा चांगल्या हातात असते. ‘हाताला काही त्रास?’ विचारलं की रुग्ण सुईबद्दल सांगतो आणि तुम्ही ‘जाणीव आहे’ असं लिहून मोकळे होता.

पाचवं, नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवा. समोर असले की ‘अहो सांगा ना, हात हलत नाही म्हणून’ असं उत्तर तेच देतात. ते एकदा कानावर पडलं की पहिली पायरी वाया गेली.

७. नेमके प्रश्न कोणते आणि कोणत्या क्रमाने?

खाटेजवळच्या तपासणीसाठी १९८६ साली बिसियाक आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ० ते ३ गुणांची पट्टी अजूनही सर्वांत सोयीची आहे. गुण जितका जास्त तितकी जाणीव कमी. सगळं मर्म क्रमात आहे: मोघम प्रश्नापासून नेमक्याकडे आणि तिथून प्रत्यक्ष दाखवण्याकडे. पुढची पायरी आधी विचारली, की मागे येता येत नाही.

*पायरी १, मोघम.* ‘तुम्ही दवाखान्यात कशासाठी आलात? काय त्रास होतोय?’ थांबा. मनात दहा आकडे मोजा. ‘अजून काही?’ एवढंच एकदा विचारा. इथे रुग्णाने आपण होऊन हातापायाचं सांगितलं, तर ० गुण.

*पायरी २, नेमका.* ‘हातापायात ताकद कशी आहे?’ मग डाव्या हाताला स्पर्श करून, तो रुग्णाला दिसेल असा धरून, ‘या हाताचं काय?’ इथे कबूल केलं तर १. ‘जड झालाय’, ‘चालत नाही’, ‘जीव नाही त्यात’ हे सगळं कबुली म्हणून धरा. ‘आज कंटाळा आलाय’, ‘थंडीने आखडलाय’, ‘डावा हात मी कधी वापरतच नाही’ ही कबुली नव्हे, सबब आहे. शंका वाटली तर कामावर आणा: ‘या हाताने पाण्याचा पेला उचलता येईल का?’

*पायरी ३, दाखवून.* ‘दोन्ही हात समोर उचला आणि धरून ठेवा.’ बसलेला असेल तर हात खांद्याच्या रेषेत, झोपलेला असेल तर ४५ अंशांवर, १० सेकंद. पायासाठी झोपवून ३० अंश, ५ सेकंद. मग विचारा, ‘दोन्ही सारखे वर आले?’ डावा हात त्याच्या उजव्या नजरेत आणून दाखवा आणि पुन्हा विचारा. आता मान्य केलं तर २. तरीही ‘आले की’ म्हणाला किंवा सबब सांगितली तर ३.

हात आणि पाय यांना वेगळे गुण द्या. हाताबद्दल ३ आणि पायाबद्दल १ असा रुग्ण विरळा नाही. दोघांची सरासरी काढलीत, तर खरी माहिती त्यात बुडते.

८. गुण १ आला. मग निदान करायचं की नाही?

हाच मुद्दा बायर आणि कार्नाथ यांनी काढला. गुण १ मिळालेल्या त्यांच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी मोघम प्रश्नावर दुसराच दोष सांगितला होता, उदाहरणार्थ बोलणं जड होणं. म्हणजे त्यांना आजाराची जाणीव होती, फक्त हातापेक्षा जिभेची चिंता जास्त होती. हात किंचित अधू असलेला माणूस तसंच सांगणार. म्हणून २ आणि ३ लाच अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणावं, असं त्यांचं म्हणणं, आणि रोजच्या कामात आम्हीही तीच रेघ धरतो. पण १ मिळाला म्हणून पान उलटू नका. पडण्याच्या धोक्यासाठी प्रश्न १४ मधली चाचणी तरी घ्या.

९. आमच्याकडे सगळेच ‘बरं आहे’ म्हणतात. हा रिवाज आणि आजार यांत फरक कसा करायचा?

फार योग्य शंका. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला मराठीत ठरलेलं उत्तर ‘बरं आहे’ हेच आहे. त्यात डॉक्टर साहेब फेरीवर असतील, तर आणखीच. सासूबाईंच्या वयाच्या कितीतरी बायका मुलांना भार नको म्हणून दुखणं अंगावर काढतात आणि ‘मला मेलीला काय होतंय’ म्हणतात. म्हणून पहिल्या पायरीत ‘कसं वाटतंय?’ वापरूच नका. ‘दवाखान्यात कशाला आणलं तुम्हाला?’ याचं उत्तर रिवाजाने देता येत नाही.

दुसरी खूण तिसऱ्या पायरीवर मिळते. रिवाजाने बरं म्हणणाऱ्या आजी हात उचलायला सांगितला की ‘नाही हो होत’ म्हणतात किंवा उजव्या हाताने डावा उचलून धरतात. त्यांना ठाऊक असतं.

१०. हात हलला नाही, तरी तो ठामपणे म्हणतो ‘हलला’. कधी म्हणतो, ‘हा हात माझा नाहीच.’ वेड लागलंय का?

नाही. पहिल्या प्रकारात हुकूम गेला, एवढ्यावरच हालचाल झाल्याचा अनुभव येतो (यंत्रणा प्रश्न ४ मध्ये). दुसऱ्याला सोमॅटोपॅराफ्रेनिया म्हणतात: आपला हात बायकोचा, मुलाचा किंवा शेजारच्या खाटेवरच्याचा वाटतो. हे दोन्ही बहुतेकदा उजव्या मेंदूच्या मोठ्या स्ट्रोकमध्ये आणि हाताची संवेदना गेलेली असताना दिसतं.

तपासायला एकच शांत प्रश्न पुरतो. हात उजव्या नजरेत आणा आणि विचारा, ‘हा कोणाचा हात?’ उत्तर शब्दशः लिहा. हसू नका, ‘मग कोणाचा असणार?’ असा उलटा प्रश्नही नको. रुग्ण त्या हाताला ढकलतो, मारतो किंवा पलंगाखाली टाकतो का, ते नर्सला विचारा. तसं असेल तर खांदा निखळण्याचा आणि बोटं गजात अडकण्याचा धोका खरा आहे. हाताखाली उशी ठेवा, पलंगाचे गज गादीने झाका.

११. डाव्या बाजूचं दिसतच नाही, म्हणून जाणवत नसेल. निग्लेक्ट आणि हे एकच ना?

निग्लेक्ट म्हणजे मेंदूच्या इजेमुळे एका बाजूकडे लक्षच न जाणं. दोन्ही जोडीने येतात, पण एक नाहीत. निग्लेक्ट असूनही लकव्याची पूर्ण जाणीव असलेले रुग्ण असतात आणि उलटही असतात. म्हणूनच हात उजवीकडे आणून दाखवायचा. उजवीकडे आणल्यावर लगेच ‘अरे, हा हलत नाही’ म्हणाला, तर निग्लेक्टचा वाटा मोठा. समोर बघूनही नाकारलं, तर तो अ‍ॅनोसोग्नोसिया. एनआयएचएसएस या स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या पट्टीच्या अकराव्या बाबीत दोन्ही एकाच गुणात मिसळलेले असतात. त्यामुळे तिथे २ गुण आहेत, एवढ्यावरून जाणिवेबद्दल काहीच ठरवू नका.

१२. रुग्णाला बोलता येत नाही. मग विचारायचं कसं?

चित्रांनी. व्हाटा-एम ही चाचणी २००९ साली याच गरजेतून आली. त्यात दोन हातांनी किंवा दोन पायांनी करायच्या १२ कामांची चित्रं असतात. प्रत्येक काम किती अवघड जाईल, ते रुग्ण ० ते ३ च्या उभ्या पट्टीवर बोट ठेवून दाखवतो. तीच पट्टी सांभाळणारी व्यक्ती वेगळी भरते. दोन्हींतला फरक म्हणजे जाणिवेचा तुटवडा, कमाल ३६. मध्ये मध्ये चार पडताळणीचे प्रश्न असतात, ज्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ते चुकले, तर रुग्णाला पट्टीच कळलेली नाही असं समजायचं आणि गुण धरायचे नाहीत.

चित्रं ओळखीची नसतील, तर चाचणीचा उपयोग संपतो. कामं निवडताना कपडे पिळणं, पोळी लाटणं, परकराची नाडी बांधणं, बरणीचं झाकण उघडणं, सायकल चालवणं अशी घ्या. पण आपण बदललेल्या चाचणीला मूळ चाचणीचे तयार निकष लागू होत नाहीत. ती त्याच रुग्णाची आधीची आणि नंतरची तुलना करायलाच वापरा.

एक सापळा: जो अखंड, अर्थहीन बोलतो आणि समोरच्याला कळत नाही याची ज्याला खंत नसते, त्याला वाचा गेल्याचीच जाणीव नसण्याची शक्यता आहे. त्यासाठी याच धर्तीची भाषेची वेगळी चाचणी आहे.

१३. हाताची जाणीव आहे, म्हणजे बाकीचीही असेल ना?

गृहीत धरू नका. हात, पाय, दृष्टी, बोलणं, स्मरण, गिळणं, प्रत्येकाची जाणीव वेगळी जाऊ शकते. १८९९ साली गाब्रिएल आंतोनने मेंदूच्या इजेने दृष्टी गेलेल्या, पण ते न कळणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. अशा माणसाला ‘माझ्या शर्टाचा रंग कोणता?’ विचारलं, तर तो बेधडक रंग सांगतो आणि चुकतो. अर्धी दृष्टी गेलेल्यांना तर ती गेल्याचं बऱ्याचदा कळतच नाही. ताटातल्या एका बाजूची भाजी तशीच उरते, एवढंच घरच्यांना दिसतं. प्रत्येक दोषासाठी प्रश्न ७ च्या तीन पायऱ्या वेगळ्या लावा.

१४. तोंडाने ‘हो, पाय गेलाय’ म्हणतात आणि रात्री उठून बाथरूमला निघतात. हे कसं?

बोलण्यातली जाणीव आणि वागण्यातली जाणीव यांची फारकत होते, दोन्ही दिशांनी. म्हणून नुसत्या प्रश्नांवर थांबू नये. दोन हातांचं काम द्या. मोठा ट्रे घ्या, त्यावर प्लॅस्टिकचे रिकामे पेले मांडा आणि ‘हा उचला’ म्हणा. एक हात गेल्याचं ज्याच्या शरीराला ठाऊक आहे, तो चांगला हात मधोमध, खालून घालतो. ज्याला ठाऊक नाही, तो उजवं टोक पकडतो, दुसरं टोक डावा हात धरणार या भरवशावर, आणि ट्रे कलंडतो. काचेचे पेले किंवा गरम चहा ठेवू नका.

यापेक्षाही सोपं: निघताना नमस्कार करा आणि बघा. एक उजवा तळवा छातीच्या मध्यावर येऊन, समोर दुसरा असल्यासारखा उभा राहतो का? की रुग्ण हात कपाळाला लावून, मान झुकवून उत्तर देतो? पहिल्याला बहुधा डाव्या हाताचा पत्ता नाही, दुसऱ्याने पर्याय शोधलाय. हे गुणांकन नाही, पण पुढे तपासायला हवं हे कळतं.

वागण्यात जाणीव नसेल तर पलंग सर्वांत खाली, चाकांना ब्रेक, रात्री दिवा आणि दर दोन-तीन तासांनी स्वतःहून लघवीला विचारणं. बहुतेक जण लघवीच्या घाईतच उठतात. ‘उठू नका’ ही सूचना इथे निरुपयोगी आहे, कारण रुग्णाच्या मते ती दुसऱ्या कुणाला लागू आहे.

१५. रुग्ण एक सांगतो, सून दुसरं, फिजिओ तिसरं. कोणाचं धरायचं?

तुलना ज्याच्याशी करायची, तो पक्का हवा. घरचे दोन्हीकडे चुकतात: थकलेली सून अवघडपणा वाढवून सांगते, प्रेमळ मुलगा कमी करून. म्हणून पाहिलेल्या कामांवरच गुण द्यायला लावा. ‘बाबा स्वतः शर्ट घालू शकतील का?’ असं नको. ‘काल सकाळी शर्ट घालताना तुम्ही काय केलंत?’ असं विचारा.

निग्लेक्टसाठी कॅथरीन बर्जेगो पट्टीत हीच सोय आहे. दाढी, जेवण, कपडे, धक्के लागणं अशा १० गोष्टींना थेरपिस्ट ० ते ३ गुण देतो, रुग्णही स्वतःला देतो. थेरपिस्टच्या बेरजेतून रुग्णाची वजा केली की जाणिवेचा फरक हाती येतो. रुग्णाची पट्टी आधी भरून घ्या. उलट केलंत, तर तो तुमचे गुण बघून उत्तर देतो.

घरी गेल्यावर महिन्यांनी प्रश्न बदलतात: कामावर कधी जाणार, स्कूटर चालवणार का. तिथे तीन भागांची मुलाखत बरी पडते: काय बदललं, त्याने रोजच्या जगण्यात काय अडतं आणि सहा महिन्यांनी स्वतःला कुठे बघता. ‘हात अधू आहे’ पहिल्या भागात नीट सांगणारा माणूस तिसऱ्या भागात ‘पुढच्या महिन्यात ट्रक घेऊन जाणार’ म्हणतो.

१६. पुन्हा कधी तपासायचं? हे जातं का?

बहुतेकांचं दिवसांत किंवा आठवड्यांत निवळतं (आकडे प्रश्न ५ मध्ये). पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, मग डिस्चार्जच्या वेळी आणि पुढे प्रत्येक फेरतपासणीत बघावं. दरवेळी तेच शब्द, तोच क्रम, शक्यतो तीच वेळ. सकाळी २ गुण आणि संध्याकाळी ३ गुण असा झोका सुरुवातीला येतोच.

जाणीव परतली की उदासी येऊ शकते. कालपर्यंत हसतमुख असलेले काका अचानक गप्प झाले, जेवण सोडलं, ‘कशाला जगवताय’ म्हणाले, तर ‘आता शहाणे झाले’ म्हणून सोडून देऊ नका. मनाची तपासणी त्याच आठवड्यात हवी.

१७. आम्ही त्यांना रोज समजावतो, ‘अहो, हात हलत नाही तुमचा.’ बरोबर आहे का?

वाद घालून ही जाणीव येत नाही, फक्त तुमच्यावरचा विश्वास उडतो. त्याचबरोबर ‘हो हो, हलला’ असा खोटा दुजोराही देऊ नका. मधला रस्ता हा: काम ठरवा, आधी अंदाज विचारा, काम करू द्या, मग त्यालाच विचारा काय झालं. ‘बाबा, हा टॉवेल दोन्ही हातांनी पिळता येईल?’ ‘येईल.’ ‘बरं, पिळा.’ पिळला जात नाही. ‘कुठे अडलं?’ उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. आलं नाही तर विषय सोडा, उद्या दुसरं काम. दिवसातून एक-दोनदा पुरे. जिथे पडण्याचा धोका आहे, ती कामं यासाठी वापरायची नाहीत.

१८. व्हिडिओ दाखवल्याने किंवा कानात गार पाणी घातल्याने जाणीव येते, असं वाचलं. करून बघू का?

पाण्याचं अजिबात करू नका. डाव्या कानात गार पाणी सोडल्यावर काही रुग्णांना लकव्याची जाणीव आल्याचं नोंदलेलं आहे, पण ती अल्पकाळच टिकली. चक्कर आणि उलटी मात्र होऊ शकते, आणि पडदा फाटलेला असेल तर कानाला इजा. तो प्रयोगशाळेतला पुरावा आहे, उपचार नव्हे.

व्हिडिओचं वेगळं आहे. स्वतःला बाहेरून, दुसऱ्याच्या नजरेने बघताना जाणीव आल्याचं एका रुग्णाबाबत २००९ साली प्रसिद्ध झालं. ते थेरपिस्टबरोबर, रुग्णाची परवानगी घेऊन आणि नंतर बोलायला वेळ ठेवून करावं. घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ म्हणजे निव्वळ अपमान.

याच जातीची एक बिनखर्चाची युक्ती तपासणीत वापरता येते. ‘तुम्हाला जिना चढता येईल?’ विचारल्यावर हो म्हणणाऱ्याला विचारा, ‘माझे हातपाय तुमच्यासारखे असते, तर मला चढता आला असता?’ काही जण इथे पटकन नाही म्हणतात. म्हणजे माहिती आत कुठेतरी आहे. उत्तर बदललं, तर दोन्ही उत्तरं नोंदवा.

१९. ‘मी ठणठणीत आहे, सोडा मला’ म्हणून सही करून घरी जायचं म्हणतात. सही घ्यायची का?

सहीआधी आकलन तपासा. आजार काय, घरी गेल्यास काय होऊ शकतं, इथे राहिल्यास काय होईल, हे तिन्ही रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का ते बघा. ज्याला हात गेल्याचंच कळत नाही, त्याला हात गेल्यावरच्या उपचारांना नकार देण्याचे परिणाम तोलता येत नाहीत. पण ही असमर्थता त्या निर्णयापुरती आहे. बँकेत वारस कोण असावा, हे तोच माणूस नीट ठरवू शकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आकलनाची तपासणी वेळेसह लिहावी आणि घरच्यांना बसवून बोलावं. नुसत्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शिक्क्याने काही सिद्ध होत नाही.

२०. केसपेपरवर काय लिहावं?

‘इनसाइट (आजाराची जाणीव) नाही’ एवढं लिहिणं म्हणजे पुढच्या पाळीला काहीच न सांगणं. असं लिहा: ‘स्ट्रोकचा चौथा दिवस, सकाळी ११. वार उलटे बरोबर. डावा हात: ३. मोघम प्रश्नावर “बीपी वाढलं म्हणून आणलं”. दाखवल्यावर “उचलला की, तुम्ही बघितलं नाही”. डावा पाय: २. हात स्वतःचा म्हणून ओळखला. ट्रे: उजवं टोक धरलं, कलंडला. पडण्याचा धोका जास्त, रात्री एकटं सोडू नये.’ अवतरणातले शब्द रुग्णाचेच हवेत, तुम्ही नीटनेटके केलेले नकोत.

२१. आमच्या आईचं उलटं आहे. हात बऱ्यापैकी हलतो, तरी ‘मला काहीच येत नाही’ म्हणते. हेही यातच धरायचं का?

नाही. प्रश्न १५ मधल्या वजाबाकीत फरक उलट्या बाजूला, शून्याच्या खाली जाईल. कारणं वेगळी असतात: उदासी, पडण्याची भीती, खांद्याचं दुखणं, किंवा घरात सगळं हातात आयतं मिळणं. आधी खांदा आणि मनःस्थिती तपासून घ्या. आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा: ताकद असूनही निग्लेक्टमुळे हात आपोआप वापरलाच जात नाही. ‘डाव्या हाताने चमचा घ्या’ असं सांगितल्यावर घेते, पण न सांगता कधीच घेत नाही, असं असेल तर आईचं ‘येत नाही’ हे निम्मं खरं आहे आणि तिला ओटीकडे न्यायला हवं.